माप

चोगले सुट्टीवरून परतला तो माझ्यावर डाफरतच.
तीस किलोत पाऊण किलो तुझंच,
माझी सुकट राहिली खेडला.
पिशवी कॉटवर फेकली आणि अंघोळीला गेला.

पिशवीत स्वेटर.
लोकरीचा, पूर्ण बाह्यांचा, तपकिरी.
छातीवर एक पांढरी पट्टी,
डावीकडून सरळ निघालेली
आणि उजवीकडे पोचेपर्यंत
दोन बोटं खाली उतरलेली.

मुसफ्फा. जूनची एकोणीस तारीख.
साडेबारा ते तीन काम बंद.
गार पाणी म्हणजे
काल रात्री बादलीत भरून ठेवलेलं.
मोती मियाँने स्वेटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग छताकडे, जणू तिथून बर्फ पडणार होता.
बिजू म्हणाला, एवढ्या लांबून
कुणी शिक्षा पाठवतं का?

रात्री नऊला बोटिम लागलं.
जुलेखा बाजूला सरकली, स्क्रीनभर मिसबा,
अकरा वर्षांची, एक दात अर्धाच उगवलेला.
आवडला, बाबा?
विचारताना माझ्याकडे बघत नव्हती,
माझ्या मागे शोधत होती, पिशवी कुठे ठेवलीय ते.

म्हणालो, आवडला म्हणजे? इथे सगळे जळतायत.
म्हणालो, असला अख्ख्या अबुधाबीत मिळायचा नाही.
(हे खरं होतं.)
म्हणालो, ऑफिसात एसी इतका असतो, इतका,
की बोटं आखडतात.
मी यार्डात स्कॅफोल्डिंग बांधतो.
ऑफिसचं खोटं जुनंच होतं,
आज फक्त कामाला आलं.

घालून दाखवा ना.

डोकं गेलं. एक हात गेला.
दुसरा कोपराशी अडला,
ओढला तेव्हा आत कुठेतरी एक टाका कुरकुरला.
पोटावर येऊन जो थांबला, तो खाली उतरेना.
मी फोन गळ्यापर्यंतच धरला.
बसतो ना?
अगदी.
दाराआडच्या शर्टावरून माप घेतलं मी!

दाराआडचा शर्ट. निळ्या रेघांचा.
तीन वर्षांपूर्वी निघताना
कॉलर विटलीय म्हणून खिळ्याला अडकवलेला.
म्हणजे तिथे अजून एक माणूस टांगलेला आहे,
बारीक, बिनपोटाचा,
आणि पोरीने टेप लावून, बाही ताणून धरून
त्याच्यासाठी हा विणला.
त्याला छान बसला असता.

घाम भुवईतून डोळ्यात उतरला.
मी हसतच राहिलो,
आणि ते हसू मला ओळखीचं वाटलं.
जुलेखाचं होतं ते.
मागच्या खेपेला कार्टन फोडलं तेव्हाचं.
मी नेलेलं ब्लँकेट, सात किलोचं, वर वाघ.
मे महिना, लाइट गेलेली.
तिने वाघावर गाल घासला,
म्हणाली, अल्ला, किती मऊ!
त्याच्या आधीच्या खेपेला मोर होता.
दोघेही माळ्यावर, चेन न उघडलेली.
एकदा दोरी शोधायला वर चढलो,
हाताला प्लास्टिक लागलं,
आणि तसाच खाली उतरलो.
दोरी मिळाली नाही म्हणालो.

बाबा, गरम होतंय का?
छे गं.
बिजूने न विचारता रिमोट उचलला
आणि सोळावर नेला.
मोती मियाँ चादर ओढत बंगालीत काहीतरी पुटपुटला.
बघ, मी म्हणालो, लोक कुडकुडतायत.

मागून जुलेखाचा आवाज,
हळू, फोनपासून लांब ठेवलेला:
काढा आता.

पण मिसबा अजून पट्टीकडे बघत होती,
जिथे ती खाली उतरते तिथे.
पुढच्या वेळी कानटोपी, म्हणाली.
डोकं तेवढंच आहे ना?

तेवढंच, म्हणालो.